देणाऱ्याचं नाव

राजेंद्रने सायकल सीटवर उलटी उभी केली आणि मागच्या चाकाचा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसायला घेतला. जुन्या सायकली विकत घेऊन नीटनेटक्या करायचा त्याला नाद. सिडकोतल्या घराच्या अंगणात सत्यभामाबाई पाटावर बसून बघत होत्या. सायकल त्यांच्या लग्नातली. ती जुनी निघावी, लग्नाच्याही आधीची निघावी, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं.

"जुनी निघाली तर भाव वाढंल, व्हय ना आई?" मुलगा सोमनाथ हसला.

त्र्याहत्तर साली दुष्काळ असा, की भले भले खडी फोडत होते. अशा वर्षी त्यांच्या वडिलांनी, धोंडिबांनी, देवगाव रंगारीहून करमाडच्या मांडवात जावयासाठी सायकल आणली, धुळीने माखलेली. सासूने दांडीवर कोरलेलं नाव वाचून घेतलं. धोंडिबा तुकाराम. झालं! "सोता वापरून जुनी केली आन् जावयाच्या गळ्यात मारली," ती भर मांडवात म्हणाली. "नवीच हाय," वडील सांगत राहिले. फाटक्या सदऱ्याचं कोण ऐकतो? पोटच्या पोरीनेही ऐकलं नाही. टोमणे खाऊन विटलेल्या सत्यभामाबाईंनी पुढे बापाला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. तो गेला तेव्हा मातीलाही गेल्या नाहीत.

"सापडलं!" राजेंद्र म्हणाला. चाकाच्या मधल्या नळीवर साल ठोकलेलं होतं. पुढच्या चाकावरही तेच. "त्र्याहत्तर. मावशी, तुमचं लग्न कवाचं?"

"त्र्याहत्तरचं. वैशाखातलं."

"मग कोरी करकरीत होती की! कारखान्यातून निघाली ती सरळ मांडवात."

सोमनाथला वाटलं होतं, निजामाच्या काळातली निघेल. तो हिरमुसून पाणी आणायला गेला.

"अरं, पण आमच्या वडलांचंच नाव हाय ना तिच्यावर," सत्यभामाबाई घाईने म्हणाल्या. "आपली असल्याबिगर कोण नाव घालतंय?"

सोमनाथने आणलेला तांब्या राजेंद्रने तोंडाला लावला, आणि पाणी पिऊन झाल्यावर उन्हात तिरका धरला. "ह्याच्यावर 'अप्पाराव, सिल्लोड' लिवलंय. हे कोण?"

"माझे मामा. त्यांनी आहेरात दिलेला हाय त्यो."

"मग? भांड्यावर देणाऱ्याचंच नाव घालतात. तुमच्या वडलांनी भांडी कोरणाऱ्याकडूनच घालून घेतलं असंल. हे बघा, अक्षरं तशीच ठिपक्याठिपक्यांची हायेत."

त्या तांब्याने सत्यभामाबाई जन्मभर पाणी पीत आल्या होत्या. त्यावर मामांचं नाव, म्हणून तो मामांनी वापरून दिला असेल, असं त्यांना कधी चुकूनही वाटलं नव्हतं. उंबऱ्यापलीकडे उभा राहिलेला बाप आठवला, आणि त्याला त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, तेही आठवलं.

त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि सायकलजवळ आल्या.

"राजेंद्रा, परत एकदा बघ."

"मावशी, जुनी निघाली असती तर मलाबी बरंच होतं. पर भाव काय मी कमी देत नाय."

"भाव नको रं मला." त्यांनी ते चाक दोन्ही हातांनी गच्च धरलं. "एक वर्ष तरी जुनी निघू दे, बाबा. एकच वर्ष."