कागद येईपर्यंत

१९८५ साल. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, आणि उदगीरकडच्या त्या गावात दोन वर्षं पाऊस नव्हता. एक लहानसं विमान मळ्यावरून अगदी खालून, रेघ मारल्यासारखं सरळ गेलं. विहिरीत उतरायला निघालेला गुरुलिंग वर बघत थांबला.

विहीर आठ परस, म्हणजे पन्नासेक फूट खोल गेली होती. खाली काळा पाषाण. वर्षापूर्वी न उडालेला सुरुंग बघायला धाकटा भाऊ बसवंत उतरला, तो दोरीला बांधूनच वर आला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याची समाधी मळ्यातच होती. तरी गुरुलिंग रोज सुरुंगवाल्यांबरोबर सुरुंग भरायला खाली उतरे.

विमानाच्या सर्वेचे साहेब शाळेत मुक्कामाला होते. गुरुलिंगाची बायको लक्ष्मम्मा त्यांना भाकरी करून देई. पूर्वी जमीन तपासायचं यंत्र घेऊन माणसं गावोगाव हिंडत. आता विमानातून तालुका दोन दिवसांत होतो, असं ते सांगत. त्या दुपारी ती शाळेतून धावतच मळ्यात आली.

"अवो, साहेबाला इचारलं मी. जमिनीतलं पाणी इमानातून दिसतंय म्हणं. कुठं खांदायचं त्याचा कागद येईल लातूरहून. तवर उतरू नका."

"आगं, बसवंताचा जीव गेला हितं. कागदासाठी थांबू व्हय?"

"माझी आन हाय."

विमान पुन्हा डोक्यावरून गेलं. गुरुलिंग वर्षानं पहिल्यांदा हसला. "नवा जिल्हा, नवं यंत्र! बघू तर."

सुरुंगवाल्यांनी आठ दिवस वाट पाहिली आणि ते मुखेडला दुसऱ्या कामावर गेले. कागद आला नाही.

पुढं मळा विकला. घेणाऱ्या वीरण्णानं तीच विहीर दोन परस खाली नेली, तिला पाणी लागलं. गुरुलिंगानं लातूरच्या अडतीत पाठीवर पोती वाहिली. वीरण्णाच्या पाण्याचं ऐकून तो एवढंच म्हणाला, "कागद आला असता तर आपणबी तिथंच खांदलं असतं की."

सत्याहत्तराव्या वर्षी तो झोपेतच गेला. तोपर्यंत विमानाचा आवाज आला की तो अंगणात येऊन वर बघे. लक्ष्मम्मा कधी बाहेर आली नाही. त्या दुपारी शाळेत भाकरी मोडता मोडता साहेब तिला म्हणाले होते, "नाही बाई. खालचा दगड जड की हलका, एवढंच कळतं आम्हाला. पाण्याचं काही कळत नाही."