गेट ऑन म्हणजे चढणे

“गेट ऑन?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

“चढणे,” बायको म्हणाली.

“गेट ऑफ?”

“उतरणे.”

“गेट आउट?”

“चालते व्हा.”

“हां. आत गेल्यावर तोंडाला कुलूप लावून बसू नकोस म्हणजे मिळवली.”

कचेरीतल्या बाकावर तो तिची शेवटची उजळणी घेत होता. मुलाखत तिची होती, पण या देशात राहायचा शिक्का दोघांच्याही कागदांवर बसायचा होता. ती अडखळली की दोघांचं बिऱ्हाड गुंडाळलं. त्याने खिसा चाचपला. दोघांचे पासपोर्ट, घराची एकुलती एक किल्ली, सगळं जागच्या जागी होतं. ती वेंधळी, तिच्या हाती काही दिलं की हरवलंच, असं तो जगाला सांगत असे.

गोदामातले सोबती त्याला मास्तर म्हणत. त्यातले निम्मे टिंगल करत, हे त्याला कधी कळलं नाही. या इंग्रजांनी एका ‘गेट’वर अख्खा संसार भागवलाय, आळशी लेकाचे, असं तो ऐटीत सांगे. जाडजूड शब्दकोशात त्या गेटची पानंच्या पानं होती. त्याने पहिलं पान वाचलं, तिच्याकडून घोकून घेतलं आणि बाकीचा पसारा तिच्या पुढ्यात टाकून दिला. तो कामावर गेला की दिवसभर घरात ती आणि तो कोश. संध्याकाळी येऊन विचारावं तर पुन्हा तेच: चढणे, उतरणे. ढ ती ढच.

तिचा पुकारा झाला. बायको परक्या माणसांना घाबरते, असं सांगून त्याने आत बसायची परवानगी काढली होती. मागच्या खुर्चीत बसायचं आणि मधे तोंड घालायचं नाही, एवढीच अट होती.

टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. तिने नीट सांगितलं. त्याने मागून मान डोलावली.

मग बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, “हाउ डू यू अँड युअर हजबंड गेट ऑन?”

कसे चढता? बसबद्दल असणार. बाय बस म्हण, बये, बाय बस. तो मनातल्या मनात ओरडत होता.

बायकोने मान वर करून बाईंकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, “वी डोन्ट गेट ऑन.”

आम्ही चढत नाही. त्याने कपाळाला हात लावला.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघितली.

“प्लीज,” बायको म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नाही. “प्लीज गेट मी आउट.”

सरकारी बाईला चालते व्हा, आणि वर प्लीजचं तोरण! अट गेली खड्ड्यात. तो ताडकन उठला.

“सॉरी मॅडम. माय वाइफ, नो मॅनर्स. शी नॉट टेलिंग यू गेट आउट.”

बाईंनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. “आय गेट इट,” त्या तिला म्हणाल्या.

मला मिळालं. म्हणजे उत्तर मिळालं. गेट म्हणजे मिळणे, पहिल्याच पानावरची पहिली ओळ! त्याचा जीव भांड्यात पडला. बाईंनी तिचा पासपोर्ट मागितला, तो त्याने हसत हसत काढून दिला. बाईंनी तिला आतल्या खोलीकडे चलायची खूण केली. शिक्का तिथेच मारत असतील.

दारात ती थांबली.

“अहो, किल्ली तुमच्याकडेच राहू दे,” ती म्हणाली.

वेडीच आहे, त्याला वाटलं. किल्ली तिला देतंय कोण?

दार लागलं. रोज कामावर निघताना तो घराला बाहेरून कुलूप घाली. आतून कडी लागल्याचा आवाज त्याने आज पहिल्यांदाच ऐकला.