मान्य आहे

नवरा गेल्यापासून भाटघरच्या घरात नूतन आणि तिचे सासरे सोनबा, अशी दोघंच उरली होती. दोघांत मिळून मोबाईलही एकच. हल्ली त्यावर हवामान बघा नाहीतर कांद्याचा भाव, मध्येच जाहिरात झळकायची : 'विधवांसाठी पुनर्विवाह, योग्य स्थळे.' नूतनला धडकीच भरली. सोनबामामांच्या नजरेस पडलं तर काय वाटेल त्यांना? शेवटी तिनं भोरच्या मोबाईल दुकानातल्या शेफालीला गाठलं.

"ह्या कुकीज, ताई," शेफाली म्हणाली. "आपण काय बघतो त्याची खूण साइट ठेवून घेते आणि तसल्याच जाहिराती मागं लावते. पण नियमानं आधी परवानगी मागावी लागते. घरात कुणीतरी 'मान्य आहे' दाबलंय."

तिनं सगळ्या खुणा पुसून दिल्या. तरी आठवडाभरात जाहिराती पुन्हा हजर, आणि तेव्हा मोबाईल नेमका सोनबांच्या हातात. नूतन रडकुंडीला आली.

"मामा, देवाशपथ, म्या असलं कायबी बगितलं न्हाई!"

"तू न्हाई, मी बगतोय," सोनबा चष्मा पुसत म्हणाले. "दोन-तीन स्थळं लई चांगली हायती. त्यात पयलंच इचारलं, परवानगी हाय का? म्हणलं, पोरीचा बाप तर न्हाई, आता मीच बाप. दाबलं, मान्य हाय."

मग त्यांचा आवाज खाली आला.

"तुला इचारायचं तेवढं ऱ्हायलं, पोरी."