नावाच्या आधी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सगुणा नाखवा यांच्या तोंडून एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा शब्द निघाले. ते त्यांनी गायले.

"पाटावं बसली गो नवरी, हलद लागते..."

एवढं म्हणून त्या थांबल्या.

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलचा दुसरा मजला. पक्षाघातात वाचा गेलेल्यांकडून इथे बोलण्याचे व्यायाम करून घेतात. टेबलाच्या अलीकडे स्पीच थेरपिस्ट ऋतिका, पलीकडे चाकांच्या खुर्चीत सगुणाबाई, त्यांच्या शेजारी मुलगी दक्षता. दाराजवळच्या बाकावर रंगूबाई. सगुणाबाई कोपरीच्या कोळीवाड्यातल्या धवलारीण. लग्नातले विधी त्यांनी धवला गायल्याशिवाय पुढे सरकत नसत. रंगूबाई तीस वर्षं त्यांच्यामागून ओळ उचलत आल्या होत्या.

"बघितलंत?" ऋतिका म्हणाली. "बोलणं जातं तेव्हाही कधीकधी गाणं राहतं. आता ते गाणंच धरून शब्द बाहेर काढायचे. पुढे काय येतं या ओळीत?"

"नवरीचं नाव," दक्षता म्हणाली.

"मग घाला ना. कुठलंही चालेल."

रंगूबाईंनी बाकावरूनच सूर लावला आणि शेजारच्या समृद्धीचं नाव घातलं. मे महिन्यात तिचं लग्न होतं. सगुणाबाईंनी मान हलवली. नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबल्या. तिसऱ्या वेळीही तसंच झालं.

"घरी यांच्याबरोबर कोण गायचं?"

"मी. सहावीपर्यंत."

"नंतर?"

"क्लास लावला."

"क्लास नाय, लाज," रंगूबाई म्हणाल्या. "मैत्रिनी आल्या का ही आईला सांगायची, तू मोरीत जाऊन गा."

ते खरं होतं. हेही खरं होतं, की त्याआधीची सहा-सात वर्षं ती याच ओळीवर झोपली होती. मासे विकून आलेली आई तिला मांडीवर घ्यायची आणि नवरीच्या नावाच्या जागी तिचं नाव घालायची. नाव आलं की दक्षता डोळे उघडून म्हणायची, "परत." कधीकधी आई मुद्दाम मांजरीचं नाव घालायची, मग हसून हसून दोघींना झोप यायची नाही.

ऋतिकाने कागदावर तीन खुणा केल्या होत्या. तिन्ही एकाखाली एक.

"एक सांगा," ती म्हणाली. "शब्द सापडत नसेल तर पेशंट चाचपडतो. काहीतरी चुकीचं म्हणतो, चिडतो. या चाचपडत नाहीयेत. या थांबतात. दर वेळी एकाच ठिकाणी. काही कारण असेल?"

"माहीत नाही," दक्षता म्हणाली.

"माहीत नाय?" रंगूबाई उठून टेबलापाशी आल्या. "तुजे हल्दीला आमाला डीजेचे बाजूला बसवलंस ते? माजे कान दोन दीस बंद व्हते. आइस्क्रीम तेवढा बरा व्हता."

"मावशी, इथे नको."

"मंग कुठं? बाईंना सांग की. त्या औषध देतायत."

ऋतिकाने पेन खाली ठेवलं. दक्षता आईकडे न बघता बोलली.

"ऑफिसचे सगळे आलेले. सासरचेही, डोंबिवलीहून. आई गायला लागली तसे मागे दोघं-तिघं हसले. मोबाईलवर शूट करायला लागले. मी पाटावर बसलेले. डीजेवाला समोरच होता. मी त्याला उजवा हात वर केला, आवाज वाढव म्हणून." ती थांबली. "माझं नाव यायचं होतं. त्याच्या आधीच."

"धवला अर्धा टाकायचा नसतो," रंगूबाई ऋतिकाला म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "अकरा वर्सं झाली. लोकांचे हल्दीला हा धवला मीच गाते. ही तेवढा वेल गप बसते. विचारला तर सांगते, घसा धरलाय."

अकरा वर्षांत हे दक्षताला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग आज तुमचंच नाव घाला," ऋतिका म्हणाली.

दक्षताने घसा साफ केला. "दक्षताला," ती म्हणाली. तिला ते गाता आलं नाही, हजेरीला ओ द्यावी तसं निघालं. सगुणाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"नवरीनं सोताचं नाव नसतं गो गायाचं," रंगूबाई म्हणाल्या. "नवरीनं फक्त बसायचं. समोर."

दक्षताने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ती आईच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागत होता. कुणी काही सांगितलं नाही तरी सगुणाबाईंनी चौथ्यांदा सुरुवात केली. आवाज पहिल्यापेक्षा बारीक होता, पण सूर जागेवर होता.

"पाटावं बसली गो नवरी, हलद लागते..."

त्या थांबल्या. त्यांची नजर मुलीच्या उजव्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली.

दक्षताने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

अकरा चाळीस झाले होते. पुढच्या पेशंटची खुर्ची दाराशी आली होती. ऋतिकाने उठून दार आतून लोटलं. सगुणाबाईंनी श्वास आत घेतला होता. तो अजून त्यांनी सोडला नव्हता.