डोळ्यातला ठिपका

प्रदेशातल्या झाडून सगळ्या पक्ष्यांच्या संदर्भग्रंथासाठी चित्रकार ताईने सहा वर्षं खपून तीनशे चित्रं काढली. प्रत्येक डोळ्यात शेवटी ती एक पांढरा ठिपका द्यायची. तो तिच्या खोलीच्या खिडकीचा उजेड असायचा.

सकाळी छापखान्यातून फोन आला. "ताई, डोळ्यांत माणूस कशाला काढलात?"

"कसला माणूस?"

तिने मूळ चित्रं बाहेर काढली आणि भिंग घेतलं. पहिल्याच बगळ्याच्या डोळ्यात खिडकी होती, आणि खिडकीबाहेर, लांब फाटकापाशी, कुणीतरी उभं होतं. शंभराव्या चित्रात तो माणूस अंगणात आला होता. दोनशे नव्व्याण्णवाव्या चित्रात, घुबडाच्या डोळ्यात, त्याने काचेला कपाळ टेकवलं होतं.

ताईने मान वळवली. बाहेर नुसतं ऊन होतं.

तिने धाकट्या भावाला हाक मारली. कालच पूर्ण झालेल्या शेवटच्या चित्रावर त्याने भिंग धरलं, निरखून पाहिलं आणि तो हसला. "या खंड्याच्या डोळ्यात फक्त खिडकी आहे. गेला तो. ब्याद टळली!"

ताई हसली नाही.

"त्या डोळ्यातली खिडकी बंद आहे का रे?"

"नाही," भाऊ म्हणाला, "सताड उघडी आहे."