नाराची फेरी

बाबांनी नारा शहराचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

"हे बघ, मैत्री. स्टेशनवरून निघायचं, हरणांच्या बागेतून सरळ मोठ्या बुद्धाकडे. येताना दुसरा रस्ता. एका गल्लीत दोनदा पाय टाकायचा नाही."

ईश्वर मेश्रामांनी छत्तीस वर्षं नागपुरात टपाल वाटलं होतं. इथं अमेरिकेत, कॅरीला लेकीकडे आल्यापासून वाटायला काही उरलं नव्हतं, म्हणून गेले दोन महिने ते जपानमधल्या त्या जुन्या शहराच्या गल्ल्या पाठ करत होते. फेरी इतकी चोख आखली होती की मैत्रीनं फक्त तिकिटं काढायची बाकी होती.

सकाळी डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. बाबांच्या हृदयाला आता विमानप्रवास झेपणार नाही. यंदा नाही आणि पुढेही नाही. मैत्रीनं ऑफिसला दांडी मारून दिवसभर शब्द जुळवले, आणि आता त्यातला एकही तोंडातून फुटेना.

"बाबा, नाराला एक दिवस इनफ होईल ना?" ती भलतंच बोलून गेली.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "डॉक्टर काय म्हणाले?"

तिच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. चष्मा काढून त्यांनी तो उगाच सदऱ्याला पुसला.

"मग तू जाऊन ये. रस्ता तर आखलाच आहे."

"मी एकटी तिथे जाऊन काय करू?"

"बघ. माझ्या वाटचंही बघ. फक्त त्याच्यापुढे उभी राहून माझ्यासाठी काही मागू नकोस. बुद्धाकडे मागायचं नसतं, बेटा. मला नुसतं बघायचं होतं."

मैत्रीला रडू आवरेना. त्यांच्या घरात नवस नव्हता, साकडं नव्हतं. आई गेली तेव्हाही कुणापुढे कुणी पदर पसरला नव्हता, आणि याचा तिला केवढा अभिमान होता.

"मी मागणार, बाबा," ती म्हणाली.

वस्तीतल्या विहारात कुणी बुद्धापुढे नारळ ठेवला, तर तिथल्या तिथे उचलून परत हातात देणारा हा माणूस. मैत्री बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिली.

बाबांनी नकाशाच्या कोपऱ्यावरची एक वाटी उचलली. मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "माग."