सरांचा होकार

एका पट्टीची कड सुटली होती.

तिने दमट पेटीचं दार लावलं, पुन्हा उघडलं. कड सुटलेलीच होती. बाकीच्या सगळ्या पट्ट्या घट्ट धरून बसल्या होत्या आणि ही एकच रुसल्यासारखी वर वळली होती.

कंपनी जखमेवर लावायचा गोंद बनवत होती. टाके घालायला नकोत. जखमेच्या दोन्ही कडा जुळवायच्या, वरून गोंद फिरवायचा, काम झालं. कातडीसारख्या पट्ट्या त्या गोंदाने जोडायच्या, उष्ण दमट हवेत ठेवायच्या आणि टिकतात का बघायचं, हे तिचं इंटर्नशिपचं काम. आज दुपारी गोंदाची पहिली खोकी इस्पितळात जायची होती, खऱ्या माणसांच्या खऱ्या जखमांसाठी. आणि आजच तिचा इथला शेवटचा दिवस होता.

पीएचडीनंतरची विद्यापीठातली पोस्टडॉकची मुदतही संपत आली होती. दादा फोनवर चिडवायचा, "शिकून झालं की परत शिकायचं, त्यालाच पोस्टडॉक म्हणतात होय गं? नोकरी लागायच्या आत निवृत्तीचं वय होईल तुझं!" ती हसण्यावारी न्यायची, पण शब्द लागायचे. इथे कायम व्हायचं तर एकाच माणसाने चांगलं बोलायला हवं होतं. सरांनी.

पहिल्या दिवशी स्वागताला आलेल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, "आमच्याकडे साहेब-बिहेब कुणी नाही. सगळ्यांचे कोट सारखे, कार्डावर हुद्दा नाही. तुमचा मार्गदर्शक तुमच्याच टेबलावर असेल. तो हाताला धरून शिकवणार नाही. नुसतं बघेल आणि शेवटी आम्हाला कळवेल." एवढं बोलून बाई लिफ्टमध्ये शिरल्या, त्या पुन्हा काही दिसल्या नाहीत.

टेबलाला खुर्च्या तीन. एकीच्या पाठीवर कुणाचा तरी कोट लटकत होता. तो कोट ज्यांचा, त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात, असं पलीकडच्या टेबलावरून कळलं, आणि ती त्या खुर्चीवर आपला डबा ठेवू लागली. दुसऱ्या खुर्चीवर सर. कानशिलावरचे केस पिकलेले, चष्मा नाकावर, चेहरा इस्त्री केल्यासारखा.

सर खरोखरच नुसतं बघायचे. यंत्राला सहसा हात लावायचे नाहीत. तिने काही करायला घेतलं की हळूच विचारायचे, "मॅडम, हे असं का केलंत?" आणि ती तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तर द्यायची. एकदा तर त्यांनी पेटीचं अगदी साधं बटण दाखवून विचारलं, "हे कशाला?" माणूस पक्का आहे, तिला वाटलं, अगदी मुळापासून तपासतोय. सकाळी ते तिच्या आधी हजर असायचे, ती आत आली की चक्क उठून उभे राहायचे. एवढ्या मोठ्या माणसाचा हा विनय पाहून तिला आणखीच धाक बसायचा.

आता ते तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

"काय झालं, मॅडम?"

लपवावं का? क्षणभर मोह झाला. पण लपवलं आणि त्यांनी पकडलं, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. तिने ट्रे बाहेर काढला.

"सर, ही सुटली."

सरांचा चेहरा उतरला.

"काल पेटीचं दार थोडा वेळ नीट लागलं नव्हतं," ती घाईघाईने म्हणाली. "त्याच्यामुळे असेल. नाहीतर मग गोंदातच काहीतरी असेल. चाचणी परत घ्यायची तर खोकी थांबवावी लागतील."

"थांबवावी लागतील," सर म्हणाले.

"वरचे खवळतील."

"खवळतील."

"ही एक बाजूला ठेवली, तर बाकीच्या उत्तम आहेत." तिने ट्रे त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही म्हणाल तसं, सर."

सरांनी चष्मा काढून कोटाला पुसला, परत घातला. "तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

पुन्हा परीक्षा. तिने त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधलं, हाती काही लागलं नाही.

"मला वाटतं, दारामुळेच झालं असावं."

सरांनी मान हलवली. हळूच, पण हलवली.

तिचा जीव भांड्यात पडला. ज्या माणसाचे या कामात केस पिकले तो हो म्हणतोय, तिथे आपण कोण शंका घेणार? तिने ती पट्टी चिमट्यात उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

कंपनीची पद्धत सोपी होती. एकाने चाचणी करायची, त्याच टेबलावरच्या दुसऱ्याने तपासायची, दोघांनी आपापलं कार्ड यंत्राला लावायचं, की माल सुटला. तिने कार्ड लावलं. सर तिच्याकडे बघत थांबले.

"लावू ना, मॅडम?"

"लावा ना, सर."

हिरवा दिवा लागला.

दुपारी ती खिडकीशी उभी होती. खाली खोकी चढली, गाडी फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. झालं एकदाचं. आता धीर करून सरांना आपल्याबद्दल विचारायचं होतं. मनातल्या मनात शब्द जुळवत ती वळली.

सर समोरच उभे होते. अंगातला कोट काढून त्यांनी नीट घडी घातली होती.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका," ते म्हणाले. "या वयात मला दुसरीकडे कुणी घेईलसं वाटत नाही. माझीही इंटर्नशिप आज संपतेय. माझ्याबद्दल तुम्ही वर काय कळवलंत?"